जीएनएम झाल्यावर पहिली नोकरी: कुठली घ्यावी, आणि नाईटला एकटीनं कसं उभं राहावं

प्रश्न विचारणारी मुलगी परभणी जिल्ह्यातली आहे. जीएनएमचा (नर्सिंगच्या डिप्लोमाचा) निकाल लागलाय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज भरलाय, पण नंबर अजून हातात नाही. पुण्यात दोन ठिकाणी निवड झालीये. एक ४० खाटांचं हॉस्पिटल आहे. पगार चार हजारांनी जास्त, थेट आयसीयू, "नंबर येईपर्यंत ट्रेनी म्हणून या, काम स्टाफचंच", दोन वर्षांचा बाँड आणि मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे जमा. दुसरं १५० खाटांचं. पगार कमी, पहिले तीन महिने सीनियरच्या हाताखाली जनरल वॉर्ड, आणि नंबर आल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत. शेवटी तिनं लिहिलंय: "मॅडम, खरं सांगते, मला काहीच येत नाही असं वाटतं. नाईटला एकटी असताना पेशंट खराब झाला तर काय करू? आणि सरकारी परीक्षेची तयारी यातच जमेल का?"

मी वॉर्डात आणि आयसीयूत काम केलं, इन्चार्ज होते, आणि गेली बरीच वर्षं नव्यानं रुजू होणाऱ्या मुलामुलींच्या ट्रेनिंगचं काम बघते. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

आधी निर्णय सांगते, कारणं मागाहून. १५० खाटांचं हॉस्पिटल घे. नंबर यायला महिना-दोन महिने लागले तरी थांब.

आपल्याकडे एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही. अमेरिकेत नर्सिंगचं शिक्षण संपलं की लायसन्ससाठी एनसीएलईएक्स ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे बोर्डाची किंवा विद्यापीठाची शेवटची परीक्षा पास झालीस, कागद पुरे केलेस, फी भरलीस की नोंदणी होते. पास होणं आणि एकटीनं औषध देणं यांच्या मध्ये तुला कोणी पुन्हा तपासत नाही. त्यामुळे खरी तपासणी पहिल्या नोकरीतच होते. तुझ्या शेजारी कोणी जाणती सिस्टर उभी असेल तर ती तपासणी तिच्यासमोर होते. कोणीच नसेल तर ती पेशंटवर होते. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगार, एसी आयसीयू, मोठ्या डॉक्टरांचं नाव हे सगळं बाजूला ठेवून मी एकच गोष्ट विचारायला सांगते: पहिले तीन महिने नाईटला माझ्याबरोबर सीनियर कोण असेल? इंटरव्ह्यूमध्ये हे बिनधास्त विचार. ज्यांच्याकडे सोय आहे ते सरळ सांगतात. ज्यांच्याकडे नाही ते "होईल सवय" म्हणतात.

आता नंबरचं. महाराष्ट्रात नर्सेसच्या नोंदणीसाठी १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे. देशपातळीवर १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेनं नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा केला. जुना असो की नवा, मूळ गोष्ट तीच: रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय नर्स म्हणून काम करायचं नाही. "ट्रेनी म्हणून या, काम स्टाफचंच" याचा अर्थ एवढाच की औषधाच्या चार्टवर सही तुझी आणि तुझ्या सहीमागे नोंदणी नाही. काही बिनसलं, नातेवाईकांनी तक्रार केली, चौकशी बसली, तर "ती आमची ट्रेनी होती" असं म्हणून हात झटकायला हॉस्पिटल मोकळं. तू मात्र सुरुवातीलाच अडकशील. शिवाय अनुभव मोजताना अनेक ठिकाणी, परदेशी भरतीत तर विशेषतः, नोंदणीनंतरचाच काळ धरतात. म्हणजे ते महिने कागदावरही वाया.

थांबायचंय त्या दिवसांत एक काम कर. दहावीची सनद, जीएनएमच्या गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक समोर मांड आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळव. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, आडनावात एक 'ए' कमी, जन्मतारखेत महिन्याची अदलाबदल, या असल्या गोष्टींत मुलींचे महिनोन्महिने जातात. आत्ता दुरुस्त होतं ते नोकरी लागल्यावर रजा टाकून करावं लागतं. कर्नाटकातून किंवा आणखी कुठून शिकून आलेल्यांना तर आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी आणि तिथली ना-हरकत लागते, मग इथली. त्यांनी आणखी आधी हातपाय हलवावेत. नंबर आला की नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीममधला तुझा युनिक आयडीही करून घे. आणि नोंदणी एकदा झाली म्हणजे कायमची नव्हे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या नर्सिंग प्रशिक्षणाचे, तास लागतात. पहिल्या सेमिनारपासून प्रमाणपत्रं एका फाईलला लावत जा.

मूळ कागदपत्रं कोणाकडेही ठेवायची नाहीत. पडताळणीला दाखव, झेरॉक्स साक्षांकित करून दे, आणि मूळ प्रती घेऊनच ऑफिसबाहेर पड. बाँडबद्दल मी एवढी कडक नाही. चांगलं ट्रेनिंग देणारं हॉस्पिटल एक वर्ष थांब म्हणत असेल तर त्यात गैर काही नाही. पण तो वाचायला घरी आण. सोडताना किती पैसे मागणार, किती दिवसांची नोटीस, आजारपणात किंवा लग्न ठरल्यावर काय, आणि मुदत पूर्ण केल्यावर अनुभव प्रमाणपत्र किती दिवसांत देणार, हे त्यात लिहिलेलं हवं. बाँड आणि मूळ प्रती दोन्ही मागतात तिथे मुली टिकत नाहीत, म्हणून त्यांना बांधून ठेवावं लागतं. ही माझी पाहणी आहे.

पगाराचंही बोलते, कारण त्यावर बोलायची आपल्याला लाज वाटते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या जानेवारीत दिलेल्या निर्देशांनंतर केंद्रानं एक समिती नेमली होती. खाजगी हॉस्पिटलं नर्सेसना किती पगार देतील याची शिफारस तिनं केली. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका, १०० पेक्षा जास्त असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत असतील तरी २०,००० च्या खाली नाही. ही अंमलात कुठे आणि किती आली ते तुझ्या दोन्ही ऑफर लेटरवरून तुला दिसेलच. आपल्या कामाची किंमत किती ठरवली गेली होती हे माहीत असावं म्हणून सांगितलं. पगार वाढवून मागण्याची वेळ एक वर्षानं येईल, तेव्हा हे आकडे तोंडपाठ असू दे.

४० आणि १५० मध्ये आणखी एक फरक आहे आणि तो तुझ्या सरकारी परीक्षेशी थेट जोडलेला आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी नॉरसेट परीक्षा होते. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना तिथे अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना मात्र पास झाल्यानंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तोही किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला. ४० खाटांच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत तू जीव तोडून दोन वर्षं काढलीस तरी त्या अर्जात ती मोजली जाणार नाहीत. हे तुला तिथे कोणी सांगणार नाही. चार हजार जास्त दिसतात, पण त्या चार हजारांत ही दोन वर्षं गेली.

आता तुझा खरा प्रश्न. "काहीच येत नाही."

येतं. बेड मेकिंग, कॅथेटर केअर, ड्रेसिंग, इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेतली नळी) लावणं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), हे सगळं तू इंटर्नशिपमध्ये केलेलं आहेस. हात अजून सावकाश चालतील, दोन-तीन महिन्यांत आपोआप वेग येईल, त्याची काळजी करू नकोस. आतापर्यंत तू एकेका पेशंटचं एकेक काम केलंस, केस स्टडी लिहिलीस. आता एका वेळी अनेक पेशंट तुझ्या नावावर असतील. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स आणि इतरत्र पाचांमागे एक असा आहे. प्रत्यक्ष वॉर्डात तू उभी राहशील तेव्हा आकडा याहून बराच मोठा असेल. त्यात कोणाकडे आधी जायचं, हे ठरवणं नवीन आहे. तुझी धांदल उडते ती या ठरवण्यापाशी. तिला तू "काहीच येत नाही" असं म्हणतेस.

कोणाकडे आधी जायचं हे ठरवायला पुस्तकातलं फार लागत नाही. ज्याच्यात बदल होतोय त्याच्याकडे आधी. आणि बदल कळायला आधीचं माहीत हवं. म्हणून ड्यूटी सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी पोहोच आणि ओव्हर, म्हणजे जाणाऱ्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, बेडपाशी उभी राहून घे, काउंटरवर रजिस्टर उघडून नको. जाणारी सिस्टर थकलेली असते, तिला घरी जायचं असतं, तरी तिला सोबत फिरव. सलाईनच्या बाटलीवर काय घातलंय त्याचं लेबल बघ. इंट्राकॅथच्या जागी बोट ठेव, सूज किंवा गरम लागतंय का बघ. युरोबॅगमध्ये लघवी किती आहे ते स्वतः वाकून बघ, ड्रेनचं माप बघ, ऑक्सिजनचा फ्लो किती लावलाय बघ. पेशंटशी एक वाक्य बोल, म्हणजे तो किती शुद्धीवर आहे, बोलताना धाप लागते का, हे तुला कळेल. आठ वाजता तो कसा होता हे तू डोळ्यांनी पाहिलं असेल तरच अकरा वाजता तो बिघडलाय हे ओळखशील.

श्वासाबद्दल मी प्रत्येक बॅचला सांगते, तुलाही सांगते. कुठल्याही वॉर्डाचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढून बघ, सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले असतात. न्यूमोनियाच्या पेशंटचे २०, कालच्या डिलिव्हरीचे २०, उद्या घरी जाणाऱ्याचेही २०. कोणीच मोजलेले नसतात. मॉनिटर पल्स दाखवतो, मशीन बीपी दाखवतं, श्वास मात्र जनरल वॉर्डात माणसालाच मोजावा लागतो, म्हणून तोच गाळला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी श्वास वाढतो, बीपी पडतं ते उशिरा. नाडी मोजल्यावर हात तसाच मनगटावर ठेव आणि पूर्ण एक मिनिट छाती बघ. पेशंटला सांगू नकोस, सांगितलं की तो श्वास बदलतो. मिळालेला आकडा लिही. २८ आले तर २८ लिही, आणि मग गप्प बसू नकोस.

गप्प न बसणं म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगते. गायनॅक वॉर्ड, रात्रीचे अकरा. बेड १४, दुपारी गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झालेली बाई, वजन ६० किलोच्या आसपास. ती म्हणते "सिस्टर, जीव घाबरा होतोय, पाणी द्या." नवी मुलगी फोन लावते आणि म्हणते, "सर, १४ नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये." झोपेतला डॉक्टर विचारतो "काय होतंय?" ती म्हणते, "घाबरल्यासारखं." तिकडून उत्तर येतं, "पॅन (ॲसिडिटीचं औषध) दे एक, सकाळी बघू." यात डॉक्टरचा दोष काढायला सोपा आहे, पण त्याला काय सांगितलं गेलं ते बघ. त्यात एकही आकडा नव्हता.

आता तोच फोन असा कर. आधी बेडपाशी जाऊन पल्स, बीपी, श्वास, युरोबॅग, पॅड आणि ड्रेसिंग बघ, पोटाला हात लाव, आणि केसपेपर हातात घेऊन फोन लाव. "सर, गायनॅकमधून सिस्टर बोलतेय. बेड १४, आज दुपारची हिस्टरेक्टॉमी. आठ वाजता पल्स ८८ होता, आता १२४ आहे. बीपी ११८-७६ होतं, आता ९४-६० आहे. श्वास २६. आठपासून लघवी फक्त ४० एमएल. घाम आहे, अस्वस्थ आहे, पोट फुगल्यासारखं लागतंय. मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर काय सुरू करू?" साठ किलोच्या बाईची लघवी तासाला निदान ३० एमएल हवी, तीन तासांत ९०. चाळीस म्हणजे निम्म्याहून कमी. हे ऐकून कोणी सकाळी बघू म्हणणार नाही. आणि म्हणालाच, तर "सर, हे मी वेळेसकट नोट्समध्ये लिहितेय आणि नाईट सुपरवायझरला कळवतेय" असं शांतपणे सांग आणि खरंच कळव. त्यांनीही हलवलं नाही तर थेट कन्सल्टंटना फोन लाव. रात्री फोन केला म्हणून आवाज चढलेला ऐकावा लागेल. ऐकून घ्यायचा. तो दोन मिनिटांत विसरला जातो.

"मला शंका येतेय" हे वाक्य बोलायला नव्या मुलींना फार जड जातं. निदान करणं डॉक्टरांचं काम, आपण कसं बोलावं, असं वाटतं. पण त्या बाईजवळ रात्रभर असणारी तू आहेस. तुला जे दिसलं आणि त्यावरून तुला जे वाटलं, ते सांगणं तुझ्या कामातच बसतं. मी बारा तासांच्या नाईटमध्ये एका नव्या मुलीकडून एवढीच अपेक्षा ठेवते: बदल लक्षात यावा आणि तो वेळेत, आकड्यांसह, योग्य माणसापर्यंत पोहोचावा. पुढचं सगळं मिळून करायचं असतं.

औषधांत दोन जागी मात्र तुला कोणाचीही घाई मान्य करायची नाही.

पहिली इन्सुलिन. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक ४० आययू प्रति एमएल असतं, आणि पेनची कार्ट्रिजेस १०० आययूची. काही १०० च्या कुप्याही असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज घेऊन ४० च्या रेघेपर्यंत भरलंस तर पेशंटला प्रत्यक्षात १६ युनिट जातात. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ४० च्या रेघेपर्यंत भरलंस तर १०० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. पेशंट रात्री झोपेतच हायपोत जाईल, म्हणजे साखर एकदम उतरेल, आणि झोपलाय असं समजून कोणी हलवणारही नाही. दर वेळी कुपी वाच, सिरिंज वाच, दुसऱ्या सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखव, साखर तपासल्याची वेळ बघ आणि जेवणाचं ताट आलंय ना ते बघ.

दुसरी पोटॅशियम क्लोराईड. दहा एमएलच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट. ते डायल्यूट केल्याशिवाय शिरेत कधीच नाही, आणि सिरिंजनं ढकलून तर कधीच नाही, कोणीही सांगितलं तरी नाही. हृदय जागेवर थांबतं. टांगलेल्या बाटलीत वरून केसीएल सोडलं आणि बाटली हलवली नाही, तर ते तळाशी साचून आधी एकदम जातं. म्हणून बाटली खाली काढ, केसीएल घाल, चार-पाच वेळा उलटसुलट कर, लेबल लाव, मग टांग. डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये केसीएलची अँप्युल पडलेली दिसली तर त्याच क्षणी उचलून वेगळी ठेव आणि इन्चार्जला सांग.

थेंबांचं गणित पाठ असू दे, पंप सगळीकडे नसतात. सेटच्या पाकिटावर एका एमएलला किती थेंब ते लिहिलेलं असतं. २० थेंबांचा सेट, ५०० एमएल आठ तासांत द्यायचं, म्हणजे ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. साधारण २१ थेंब मिनिटाला. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो. घड्याळ सेकंदकाट्याचंच घे.

तोंडी ऑर्डर आली तर परत म्हणून दाखव आणि डॉक्टरकडून लवकरात लवकर केसपेपरवर सही घे. न दिलेलं औषध "दिलं" असं लिहायचं नाही, आणि सकाळी सहाच्या नोट्स पाचला भरून ठेवायच्या नाहीत. राहून गेलं तर "राहिलं, अमुक वाजता डॉक्टरांना सांगितलं" असं लिही. रागावतील, पण पुढच्या ड्यूटीला खरी परिस्थिती कळेल आणि डोस दोनदा जाणार नाही. दुसऱ्याच्या डोसवर तू सही करायची नाहीस, "मी दिलंय ग, तू टाक सही" असं कितीही गोड आवाजात म्हटलं तरी.

वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी (मदतनीसांशी) पहिल्या दिवसापासून आदरानं बोल. कोणता पेशंट रात्री उठून पडू शकतो, कोणाच्या घरचं कोणी आलेलं नाही, कोण दोन दिवस जेवत नाहीये, हे त्यांना आधी कळतं. स्पंजिंगला, पोझिशन बदलताना तू हात लावलास तर तेही तुझ्यासाठी धावतात. शिवाय पाठीचं कातडं बघण्याची संधी त्याच वेळी मिळते. बेडसोअरची सुरुवात चार्टमध्ये दिसत नाही. नातेवाईकांबद्दल एवढंच: दर दोन तासांनी स्वतःहून जाऊन दोन वाक्यं सांगितलीस तर निम्मे वाद होतच नाहीत. आवाज चढला, हात उगारला तर एकटी थांबू नकोस, सिक्युरिटी आणि सुपरवायझरला बोलाव. वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि त्यात नर्स येते.

तुझ्या स्वतःच्या जिवाचंही बघ. रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का ते बघ, ०, १ आणि ६ महिने. झाले असतील तर शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्यायचं असतं, १० किंवा त्याहून जास्त हवं. सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नकोस. साबण आणि वाहत्या पाण्यानं धू आणि लगेच कळव. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. किती मुली "इन्चार्ज ओरडतील" म्हणून लपवतात आणि नंतर महिनोन्महिने एकट्या घाबरत राहतात. तू लपवायचं नाहीस. सुईला टोपण परत लावायचं नाही, बेडवर ट्रेमध्ये वापरलेली सुई ठेवायची नाही, पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यातच टाकायची.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत तू रडशील. ड्यूटी संपल्यावर होस्टेलवर येऊन "ते औषध मी दिलं ना?" असं आठवून परत वॉर्डात फोन लावशील. जवळपास सगळ्या लावतात, आणि चांगल्या इन्चार्ज त्या फोनला चिडत नाहीत. खिशात छोटी वही ठेव. दिवसभरात न कळलेलं एक औषध, एक तपासणी लिही आणि रात्री वाच. नाईटनंतर मोबाईल बाजूला ठेवून पडदा लावून झोप. नाईटला उपाशी येऊ नकोस. पण तीन महिन्यांनंतरही ड्यूटीला निघताना रोज उलटी होते, झोप लागत नाही, असं असेल तर ते "सवय नाही" म्हणून सोडून देऊ नकोस. ट्रेनिंग बघणाऱ्या मॅडमना सांग, वॉर्ड बदलून माग, डॉक्टरांना दाखव. आणि पहिला पेशंट तुझ्यासमोर जाईल त्या दिवशी कोणाशी तरी बोल. मन कठीण करायची काही गरज नाही. मी इतक्या वर्षांत जितक्या उत्तम नर्सेस पाहिल्या त्यांच्यापैकी एकीचंही मन कठीण नव्हतं.

आता परीक्षा. पहिले तीन महिने गाईड उघडूच नकोस, वॉर्डच नीट शिक. चौथ्या महिन्यापासून रोज तास-दीड तास, आणि त्या दिवशीच्या पेशंटपासून सुरुवात. डीकेएचा (मधुमेहात रक्तात आम्ल वाढल्याचा) पेशंट पाहिलास तर त्या रात्री डीकेए आणि पोटॅशियम वाच. असं वाचलेलं वस्तुनिष्ठ प्रश्नांत अडत नाही. राज्यातल्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अधिपरिचारिका पदांच्या जाहिराती, सार्वजनिक आरोग्य विभाग, ईएसआयसी, रेल्वे, या सगळ्यांच्या पात्रता वेगवेगळ्या असतात. दर वेळी मूळ जाहिरात वाच, फॉरवर्ड झालेला मेसेज नको. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं मनात असेल तर तेही अनुभवानंतर केलेलं जास्त उपयोगी पडतं. आखाती देशांचा विचार असेल तर तिथे अनुभवाची पडताळणी थेट हॉस्पिटलला विचारून होते, त्यामुळे कागद चोख लागतात.

म्हणून रुजू होतानाच हे मागून घे: नियुक्तिपत्रावर पदनाम 'स्टाफ नर्स' असावं, रुजू तारीख असावी, पगार बँकेत यावा, पीएफ कापला जावा. दर महिन्याची पगाराची स्लिप मेलवर साठव. सोडताना मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्रावर हॉस्पिटलची खाटांची संख्या, तू काम केलेले वॉर्ड, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, दोन्ही तारखा आणि तुझा रजिस्ट्रेशन नंबर लिहून घे. ४० खाटांच्या हॉस्पिटलला आजच फोन करून नम्रपणे नाही सांग, आणि १५० वाल्यांना मेल टाक की अर्जाची पावती जोडतेय, नंबर आला की त्याच आठवड्यात रुजू होते.